पाठीवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी फिरती ढाल आहे. लढाईतली नाही. बडोद्यात दर वर्षी लहान लहान फिल्मची एक स्पर्धा होते, तिथली. जिंकणाऱ्याने मला वर्षभर घरी ठेवायचं आणि पुढच्या वर्षी आणून द्यायचं, अशी रीत.

नागरवाड्यातल्या एका सुताराने मला सागाच्या फळीतून कापलं. विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी दर वर्षी माझ्या छातीवर बसायची. स्पर्धा सुरू केली जगदेवरावांनी. रेल्वेतून रिटायर झालेले, कडक माणूस. ना कुठली कंपनी पाठीशी, ना सरकार. निजामपुऱ्यातला हॉल, भिंतीवर पांढरी चादर, आणि त्यांचे दोन नियम. फिल्म पूर्ण मराठीत पाहिजे. आणि शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत कुणी उठायचं नाही.

सुरुवातीला माझा काय थाट होता. लोक मला मांडीवर घेऊन स्कूटरवरून घरी न्यायचे. शेजारी बघायला यायचे. मग ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला, आणि ढालीचं कौतुक आटलं. एका घरात तर माझ्याच खिळ्याला छत्री टांगायचे. पितळ काळं पडलं. मी काय बोलणार.

अशात देवश्रीची फिल्म आली. देवश्री कारेलीबागेतली. फिल्म तिच्या आईवर, शैलाताईंवर. त्या घरी ट्यूशन घ्यायच्या. शेजारची मुलं गुजराती, म्हणून गणित गुजरातीत. "जो बेटा, फरीथी गण." म्हणजे बघ बाळा, परत मोज. आणि त्याच दमात मागे वळून लेकीला, "देवश्री, कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेव गं, कॅमेरा नंतर." आमच्याकडे घरोघरी असंच बोलतात.

जगदेवराव म्हणाले, अर्धी फिल्म गुजरातीत आहे, नियमात बसत नाही. त्या वाक्यांवर मराठी आवाज चढवून आण, मग घेतो.

मी तिथेच टेबलावर होते. देवश्री म्हणाली,

"काका, आई श्रावणात गेली. हा तिचा आवाज आहे. ह्याच्यावर कुणाचा चढवू?"

तिला मी नकोच होते. तिला माझ्यावरची पट्टी हवी होती. जिंकलं तर आपल्या नावाऐवजी आईचं नाव पितळेत कोरलेलं राहावं, एवढंच तिचं म्हणणं.

जगदेवरावांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण नियम तो नियम. फिल्म स्पर्धेबाहेर दाखवू म्हणाले.

मी सलील नावाच्या मुलाला मिळाले. त्याची फिल्म चांगली होती, खोटं कशाला बोलू. मग सगळ्यात शेवटी देवश्रीची फिल्म लागली. संपली. शैलाताईंचं नाव खालून वर सरकायला लागलं, आणि बक्षीस वाटून झालं म्हणून लोक खुर्च्या सरकवायला लागले.

मागच्या रांगेतून जगदेवरावांचा आवाज आला. 

"बेसो भाई. हजी नाम बाकी छे."

बसा, अजून नाव बाकी आहे. मनातलं बोलायची वेळ आली, तेव्हा त्यांच्याही तोंडून गुजरातीच निघाली. लोक परत खाली बसले. देवश्रीने वळून बघितलं. जगदेवरावांनी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी त्यांनी मराठीचा नियम काढून टाकला. देवश्रीला फोन केला, फिल्म परत पाठव. ती म्हणाली, "नको काका. ज्या दिवशी ऐकायची होती, तो दिवस गेला."

सलीलने मला परत आणून दिलं. जगदेवरावांनी मला पुसलं, आणि एक पट्टी स्वतः स्क्रूने बसवली. छातीवर नाही. तिथे जिंकलेल्यांचीच नावं असतात, आणि तेवढं ते मोडणार नव्हते. त्यांनी ती माझ्या पाठीवर लावली. त्यावर कोरलंय, "शैला. आम्ही उशिरा ऐकलं."

मित्रांनो, भिंतीवर टांगतात तेव्हा ती पट्टी भिंतीकडे असते. कुणाला दिसत नाही. तुमच्या घरातली माणसं जशी बोलतात तशी ऐकून घ्या, ती आहेत तोवर. आणि मी कधी तुमच्या घरी आले, तर फडकं मारताना मला एकदा पालथी करा. पितळ पाठीवरचंही काळं पडतं.