अंगठ्याचा खळगा

मी एक जुना रंधा आहे. मित्रांनो, हे ऐकून हळहळू नका. ज्याला माझी कीव करायची असेल, त्याने आधी माझ्या पात्यावरून बोट फिरवून पाहावे.

सुतारकाकांनी मला विकत आणले नाही. ते शिकाऊ होते, तेव्हा त्यांनी मला एका कठीण ओंडक्यातून स्वतः घडवले, माझ्या पोटात तिरपी फट कोरली, तीत पोलादी पाते बसवले आणि पाचर ठोकली. पहिल्याच फळीवर मी अडून बसलो. त्यांचे गुरू म्हणाले, "हा रंधा नाही रे, खेचर आहे!" मला ते फार आवडले.

पुढे पस्तीस वर्षे आम्ही दारे, पलंग आणि शाळेची बाके केली. काकांच्या हातची फळी म्हणजे आरसा, असे लोक म्हणत. माझे नाव कुणी घेत नसे, पण माझ्यावाचून त्यांचे पान हलत नव्हते. काका अंगठा नेहमी एकाच जागी टेकवत. टेकवून टेकवून माझ्या पाठीवर तिथे खळगा पडला.

मग काकांचे हात थरथरू लागले आणि मी माळ्यावर गेलो. चार वर्षे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. अंग करडे पडले, पाते गंजले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

काकांची लेक फोटो काढते. टवका उडालेला कप, वाकलेला चमचा, गंजके कुलूप असल्या जुन्या वस्तू ती टेबलावर मांडते. कप दोन बोटे डावीकडे सरकवते, मागे जाऊन एक डोळा मिटून बघते आणि पुन्हा बोटभर उजवीकडे आणते. "एवढ्या वेळात माझं स्टूल झालं असतं," काका म्हणत. प्रदर्शनासाठी तिला एकच फोटो कमी पडत होता. ती म्हणाली, "बाबा, उद्या तुमच्या रंध्याचा फोटो काढणार आहे. माळ्यावरून काढून ठेवाल?"

काकांनी आयुष्यात ओबडधोबड वस्तू कुणाच्या हाती दिली नव्हती. त्यांनी मला पॉलिश पेपरने घासले, तेल पाजले, पात्याला धार लावली. दुसऱ्या दिवशी मला पाहून लेकीने कपाळावर हात मारला.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? इतक्या वर्षांचा रंग होता त्याच्यावर!"

"अगं, फोटोला माणूस तोंड धुऊन बसतो ना? मग याला पारोसा बसवू?"

फोटो दुपारपर्यंत पोचवायचा होता. तिने काजळी आणली, चहाचे पाणी आणले आणि एक लोखंडी साखळी आणली. "चार टोले मारते, वर काजळी चोळते. कुणाला कळणार नाही." काका खाली मान घालून बोटांवरचे तेल पुसत राहिले. त्यांची ती मान पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मला तळपाय नसले तरी! मी खाल्लेला प्रत्येक मार खरा होता. उसन्या जखमा घेऊन मी मिरवणार नव्हतो.

तिने मला घट्ट धरले आणि साखळी उचलली. धरताना तिचा अंगठा आपोआप त्या खळग्यात गेला. खळगा तिला मोठा झाला. तिचा हात थांबला.

"बाबा, हे काय आहे इथे?"

"काही नाही. अंगठा."

"एवढं घासलंत, तरी गेला नाही?"

"जायला तो काय वरवरचा आहे?"

तिने साखळी खाली ठेवली. कप, चमचा, कुलूप सगळे बाजूला केले. समोरचा दिवा घालवला आणि खिडकी अर्धी लोटली. उजेड एका बाजूने आला, तशी खळग्यात सावली भरली. फोटो निघाला. माझ्या अंगावर काजळीचा ठिपकासुद्धा नव्हता.

"बाबा, फोटोशेजारी रंधाही ठेवा, असं प्रदर्शनवाले म्हणतायत. काचेच्या पेटीत," ती म्हणाली.

काका उठले. "फोटो ने. रंधा मिळायचा नाही. धार काय बघायला लावली?"

त्यांनी मला एका फळीवर टेकवले. हात थरथरत होते. लाकडाची ढलपी तुटक तुटक निघाली, पण निघाली. लेक फळीचे दुसरे टोक धरून उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल. त्याला पुसा, तेल द्या, त्याचा फोटो काढा. पण नंतर कामाला लावा. आणि मला मऊ फळी देऊन माझी समजूत काढू नका. द्यायची तर गाठींची द्या.