पाच दिवसांची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी उबपेटी आहे. कोंबडीची अंडी उबवणारी नव्हे, प्रयोगशाळेतली. माणसाच्या पेशी वाढवायच्या तर त्यांना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते, सदतीस अंश. ती ऊब धरून ठेवायची, एवढेच माझे काम. कारखान्यातून निघताना मला तपासणाऱ्या मिस्त्रींनी पाठीवर थाप मारून म्हटले होते, "ही दगा देणार नाही." मी दिला नाही. तरीही जे घडले ते सांगताना माझा पारा चढतो. उबपेटीने पारा चढवून घेऊ नये हे मला कळते, पण इलाज नाही.

पहिली काही वर्षे मी भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवली. तेव्हा माझे फार कौतुक होई. पाहुणे येत, माझ्या काचेच्या दाराआड डोकावत आणि "वा!" म्हणून जात.

मग एके सकाळी दोन बहिणी आल्या. थोरली भूगोलाची शिक्षिका. धाकटी लोकांचे कपडे बेतून शिवून देई. थोरलीची चौदा वर्षांची मुलगी बरोबर होती. अंगाने बारीक म्हणून तिला सगळे चिमणीच म्हणत. तिच्या हाडांतल्या मगजाने रक्त तयार करणे थांबवले होते. दर पंधरवड्याला तिला दुसऱ्यांचे रक्त चढवावे लागे, आणि मगज देता येईल असा जुळणारा माणूस कुठेच सापडत नव्हता.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. स्त्रीबीजाचा गाभा काढून त्या जागी चिमणीच्या कातडीतल्या पेशीचा गाभा घालायचा. त्यातून चिमणीची हुबेहूब प्रत वाढू लागेल. पाचव्या दिवशी तिच्या पेशी काढून घ्यायच्या आणि त्यांपासून रक्त तयार करणाऱ्या पेशी बनवायच्या.

"मग त्या प्रतीचं काय होतं?" धाकटीने विचारले.

"ती मोडते," आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले.

"अगं, वाळूच्या कणाएवढी असते ती," थोरली घाईने म्हणाली. "आणि माझी लेक केवढी आहे बघ."

स्त्रीबीजे देण्याचे थोरलीचे वय उलटले होते, म्हणून धाकटी ती द्यायला तयार झाली. भाचीसाठी मावशी नाही म्हणेल कशी? तिच्यापुढे सहा पानी कागद आला. "नेहमीचाच आहे," असे सांगून शेवटच्या पानावर सही घेतली. जास्त बीजे तयार व्हावीत म्हणून बारा दिवस तिच्या पोटात सुया टोचल्या. चौदा बीजे मिळाली, त्यांतली नऊ गाभा बदलून माझ्यापर्यंत पोहोचली. एकेक करत आठ विझली. एक मात्र वाढत राहिले. मी जीव मुठीत धरून त्याला सांभाळत होते.

इकडे त्या सुयांमुळे मावशीचे पोट पाणी साचून घागरीसारखे फुगले. तिला श्वास पुरेना. तिला पलीकडच्या इमारतीत पलंगावर ठेवले.

चौथ्या दिवशी कोणाच्या तरी तक्रारीवरून नीतिसमितीचे, म्हणजे असे प्रयोग योग्य की अयोग्य ते ठरवणारे, सहा जण आले. त्यांच्यातल्या निवृत्त न्यायाधीशांनी काचेतून पाहिले. "कुठे आहे तो गर्भ?"

"नुसत्या डोळ्यांनी इथून दिसणार नाही, साहेब," संशोधक बाई म्हणाल्या.

"जो दिसत नाही त्याला माणूस म्हणायचं?" एक जण हसला.

"तुम्हीही एकदा एवढेच होतात," एक वयस्कर प्राध्यापक शांतपणे म्हणाले. "आणि आज औषधासाठी प्रत काढाल, उद्या कोणी बाळासाठी काढेल."

मित्रांनो, दोघांचेही म्हणणे मला पटले. ते माणूस होते की नाही, हे त्याला ऊब देणाऱ्या मलाही ठाऊक नाही. पण सहांपैकी एकानेही पलीकडच्या इमारतीत जाऊन मावशीला विचारले नाही, "बाई, तुम्ही कशा आहात?"

पाचव्या दिवशी पत्र आले. पुढील निर्णयापर्यंत कोणतीही प्रक्रिया करू नये, सर्व काही जैसे थे ठेवावे.

संशोधक बाईंनी समितीला फोन लावला. "अहो, जिवंत पेशी जैसे थे कशा राहतील? निदान गोठवून तरी ठेवू?"

"गोठवणं हीसुद्धा प्रक्रियाच की, बाई. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

सातव्या दिवशी सकाळी ते माझ्या पोटात विझले. ना माणूस झाले, ना औषध. माझा काटा मात्र सदतीसवरच होता.

सहा महिन्यांनी परवानगी आली! आता नवी स्त्रीबीजे हवी होती. चिमणी आणखी फिकी दिसत होती. थोरलीने पेन धाकटीच्या हातात दिले.

या वेळी धाकटीने सहाही पाने वाचली. "ताई, मागच्या खेपेला मी अकरा दिवस पलंगावर होते. ते यात कुठंच नाही."

"मी लिहा म्हणाले होते," संशोधक बाई म्हणाल्या. "लिहू दिलं नाही."

"तो विषय वेगळा आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"तुला नाही म्हणायचंय, असं सरळ सांग ना!" थोरलीचा आवाज फाटला. "पोटची पोर असती म्हणजे कळलं असतं."

धाकटीने पेन टेबलावर ठेवले. बोलली ती चिमणी. "आई, मला कुणी विचारलंच नाही. मला बरं व्हायचंय. खूप व्हायचंय. पण मावशीनं घाबरून सही केली तर मला नको."

पेन टेबलावरच राहिले. बहिणी वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडल्या. पुढे चिमणीचे काय झाले, मला कळले नाही. उबपेटीला कोण सांगणार? माझी तार काढून मला जिन्याखाली ठेवले आहे. येणारे-जाणारे माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवतात.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी अशा समितीत बसेल. प्रश्न सोपा नसेल. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण वेळेत म्हणा. कणाएवढ्या जिवाबद्दल जरूर वाद घाला. मात्र वाद सुरू करण्याआधी उठा, पलीकडच्या इमारतीत जा, आणि जिच्या पोटात सुया टोचल्या तिच्यासाठी एक खुर्ची घेऊन या.