हाड अजून कच्चं आहे

प्लास्टर ओलं असतं तोवर माणूस हलत नाही. हलला तर सगळं पुन्हा करावं लागेल, असं आम्ही त्याला आधीच दरडावलेलं असतं. आमच्या इस्पितळात नव्यानं आलेल्या डॉक्टर मॅडमनी नेमकं हेच हेरलं. हातपाय मोडून येणाऱ्यांत निम्मेअधिक प्यायलेले असतात. त्यांच्याशी दारूबद्दल बोलायला इथं ना माणूस, ना वेळ, ना जागा. आणि प्लास्टरच्या खोलीत मात्र तोच माणूस पंधरा मिनिटं पाय ताणून गप्प पडलेला. मग बोला त्याच्याशी, म्हणाल्या. कोण बोलणार? मी. बावीस वर्षं हाडं बांधतोय, आता हेही माझ्याच गळ्यात.

"उपदेश करायचा नाही, मामा," मॅडम म्हणाल्या. "विचारायचं, ऐकायचं, आणि पुढं काय करणार ते त्याच्याच तोंडून काढायचं."

दहा प्रश्नांचा फॉर्म होता. उत्तरांना मार्क, जास्तीत जास्त चाळीस. तीन महिन्यांनी मधल्या काळापुरते पुन्हा तेच प्रश्न विचारायचे आणि मॅडमच्या खोलीतल्या तक्त्यावर आकडा लिहायचा. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. माझ्या वडिलांनी निदान चाळीस वेळा दारू सोडली होती, आणि प्रत्येक वेळी मनापासून सोडली होती. पण नोकरी आहे म्हटल्यावर मी विचारत होतो.

रंगारी आला तो परांचीवरून पडून. गुडघ्याखालचं मोठं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. पहिले चार दिवस वॉर्डात दारू तुटल्यानं हात थरथरत होते, गोळ्या चालू होत्या, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. पाचव्या दिवशी सूज उतरली, डोकं ताळ्यावर आलं, तेव्हा त्याला पक्क्या प्लास्टरसाठी माझ्याकडे आणला. मांडीपासून बोटांपर्यंत पाय बांधला आणि फॉर्म काढला.

त्यानं एकही उत्तर चोरलं नाही. सकाळी उठल्या उठल्या लागते का? लागते. तुझ्या पिण्यानं कुणाला इजा झालीय का? दाराशी त्याची बायको उभी होती, तिच्याकडे न बघता म्हणाला, "झालीय." बेरीज एकोणतीस आली.

"एकोणतीस? शाळेत मला इतके मार्क कधी पडले नाहीत, मामा."

मी हसलो. मग शेवटचा प्रश्न विचारला, पुढं काय करणार? त्यानं छताकडे बघितलं. छताचे पोपडे निघालेत, रंगाऱ्याला ते दिसणारच. "सोडतो," म्हणाला. "तुम्हाला शब्द दिला." मी फॉर्मवर तसं लिहिलं आणि मनात म्हटलं, एकेचाळिसावा.

आठ आठवड्यांनी एक्स-रे काढून गुडघा मोकळा करायचा, असं ठरलेलं होतं. मांडीपासूनचं प्लास्टर काढायचं आणि फक्त गुडघ्याखालचं घालायचं, म्हणजे सांधा आखडत नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याची बायको एकटीच आली. शिलाईकाम करणारी बाई, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिली.

"भाऊ, आणखी थोडे दिवस राहू द्या ते."

"काय?"

"प्लास्टर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना असा उभा आहे की त्याला एकट्याला उतरता येत नाही. सात आठवडे थेंब नाही घेतलेला. पोरगी शाळेतून आली की त्याच्याजवळ बसून अभ्यास करते. आधी मी कामावरून येईपर्यंत जिन्यात बसून राहायची ती." तिनं पदराचा एक दोरा ओढून काढला. "पाय मोकळा झाला की पहिला कुठं जाईल, तुम्हीच सांगा."

मी नाही म्हटलं. असं करता येत नाही, पाय आखडतो, माझी नोकरी जाईल, सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन गेली. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

आठवड्यानं रंगाऱ्याला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गवंड्यानं पाठीवरून खाली आणून रिक्षात घातला. बायको बरोबर होती. मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हाड सुरेख जुळलेलं होतं. इतकं चांगलं काम माझ्या हातून वर्षात दोन-तीनदाच होतं. नियमानं तो एक्स-रे मॅडमना दाखवायचा, पण बाहेर सत्तर माणसं असली की मॅडम मलाच विचारतात, आणि मी सांगेन त्यावर सही करतात.

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, नवऱ्याच्या पायाकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, नुसती तिची दया आली असंही नाही. मॅडमच्या तक्त्यावर माझ्या नावापुढं एकही चांगला आकडा नव्हता. तीन महिने भरायला अजून पाच आठवडे होते.

"हाड अजून कच्चं आहे," मी म्हणालो. "दीड महिन्यानं ये."

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "का हो मामा? मी तर हललोसुद्धा नाही."

काहीतरी कारण द्यायला हवं होतं. जे जवळ होतं ते दिलं. "इतकी वर्षं प्यायलास ना. पिणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं. पोखरलं जातं आतून."

यातलं उशिरा जुळण्याचं पुस्तकातही आहे. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज गेलं.

दीड महिन्यानं तो आला, पुन्हा गवंडी आणि बायको बरोबर. आधी फॉर्म भरला. बेरीज शून्याच्या जवळ. मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं, तक्त्यावर हिरव्या शाईनं आकडा लिहिला. मग मी प्लास्टर कापायला बसलो. विजेची करवत बंद पडून वर्ष झालंय, मोठ्या कात्रीनं कापतो. वेळ लागतो. तोवर गवंडी बोलत बसला.

"मामा, काय जादू केलीत हो? मी दोनदा बाटली घेऊन गेलो होतो याच्याकडे. वहिनी कपडे पोचवायला गेल्या होत्या. म्हटलं, बिचारा पडून आहे. दोन्ही वेळा परत पाठवली. दुसऱ्यांदा तर मला शिव्या घातल्या. म्हणे, प्लास्टरवाल्या मामांना शब्द दिलाय."

"गप रे," रंगारी लाजून म्हणाला.

बायकोनं चमकून गवंड्याकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. जिन्यानं त्याला धरून ठेवलंय असं तिला वाटत होतं, प्लास्टरनं धरून ठेवलंय असं मला. तो स्वतःच स्वतःला धरून होता, आणि ते आम्हा दोघांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

प्लास्टर निघालं. पाय काटकुळा झालेला, साल सुटलेली. मी गुडघा वाकवायला गेलो. तो वाकला नाही. जोर लावला तर रंगारी ओरडला. मॅडम धावत आल्या, कागद बघितला आणि मला दाराबाहेर घेतलं. "चौदा आठवडे? गुडघा मोकळा का नाही केला?" मी म्हणालो, "गर्दीत राहून गेलं." त्यांनी डोळे मिटून घेतले, मग व्यायामाची चिठ्ठी लिहिली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येतात. कधी कधी येत नाहीत.

गुडघा जेमतेम चौथाई वाकतो. तेवढ्यावर शिडी चढता येत नाही, परांचीवर तर कुणी उभाही करत नाही. दोन महिने त्यानं जमिनीवरून हात पोचेल तेवढ्याच भिंती रंगवायला मागून बघितल्या. मग ठेकेदारानं बोलावणं बंद केलं.

परवा भर दुपारी तो आला. एकटाच, काठी घेऊन. खोलीत पाय ठेवायच्या आधीच मला वास आला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले पंधरा दिवस." तो बाकावर बसला. एक पाय सरळ समोर, येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडावा लागत होता. "घरी कसंय ते विचारू नका."

मी विचारलं नाही. म्हणालो, "तू एवढी सोडली होतीस. पुन्हा सोडशील."

"सोडून काय हाती लागणार, मामा? तुम्हीच तर सांगितलंत, हाडापर्यंत गेलीय. सोडली तेव्हा वाटलं होतं, आता सगळं नीट होईल. पण पाय वाळतच गेला. म्हणजे आतून मी केव्हाच संपलोय. मग वरवर सोडून काय उपयोग?" हे सगळं तो अगदी शांतपणे बोलत होता. पिऊन भांडणारा माणूस मला चालतो. त्याला मी हाकलू शकतो.

तुझं हाड आठ आठवड्यांतच जुळलं होतं. हे एवढंच वाक्य. जिभेवर आलेलं होतं. ते बोललो असतो तर कदाचित तो आज पुन्हा बाटली परत पाठवू शकला असता. पण मग त्यानं विचारलं असतं, का केलंत, कुणी सांगितलं. आणि तो इथून उठून घरी गेला असता. घरात त्याची बायको आहे, पोरगी आहे. माझी नोकरी आहे, हेही त्यात होतंच. त्यातलं कशाचं वजन किती होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानं माझा गप्पपणा दुःखाचा समजला. काठीवर भार देऊन उठला आणि दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याइतकं माझ्यासाठी कुणी केलं नाही. दोष माझ्या हाडाचाच आहे. हो ना?"

मी म्हणालो, "हो."