देवकाबाईंचा पत्रिकांचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या डब्यावरचा लाल दिवा हार्ड डिस्कचं काम चालू असताना लुकलुकतो. देवकाबाईंच्या कॉम्प्युटरचा मात्र लुकलुकत नसे. सुरू केला की लाल तो लालच, आणि चहा उकळून खाली उतरेपर्यंत पडद्यावर काही यायचं नाही.

सौंसरच्या बसस्टँडमागे लग्नपत्रिका टाइप कराव्यात त्या देवकाबाईंनीच. आता त्यांच्या विंडोजचे अपडेट बंद झाले होते, आणि नवं विंडोज त्या जुन्या यंत्राला झेपत नव्हतं. त्यांची सून तृप्ती पांढुर्ण्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. दिवाळीपासून ती म्हणत होती, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, ते जुन्या यंत्रावरही चालतं. देवकाबाई काही ना काही निमित्त काढून टाळत. छिंदवाड्याला टाइपिंग शिकलेली त्यांची बोटं. नव्यावर ती चालली नाहीत, तर उद्या भाजी निवडण्यापुरतीच उरतील, ही खरी भीती.

शेवटी एका रविवारी तृप्तीनं पेन ड्राइव्ह लावला. "आई, यावरून नुसतं चालवून पाहू. आतलं काही पुसलं जात नाही."

लिनक्स उघडलं. देवकाबाईंनी गेल्या हंगामातली एक पत्रिका उघडली आणि हातच मागे घेतला. गणपतीपासून मामांच्या नावांपर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं.

"पाय वं, खाल्ली पत्रिका! मराठी येतच नाही याले."

पलंगावरून देवकाबाईंचे यजमान पुंडलिकराव म्हणाले, "नवरदेवाचं नाव तरी वाचून दाखव."

"तुमी चूप बसा जी."

तृप्तीनं नीट निरखून पाहिलं. "आई, तुम्ही कृतिदेवमध्ये टाइप करून राहिल्या ना? त्यात आत इंग्रजीच अक्षरं असतात, मराठी रूप फॉन्ट देतो. तो फॉन्ट इथं नाही, एवढंच."

जुन्या विंडोजमधला फॉन्ट उचलून तिनं इकडे ठेवला आणि पत्रिका पुन्हा उघडली. वधू, वर, मुहूर्त, सगळे आपापल्या जागी.

"आता तुम्ही नवीन टाइप करा."

देवकाबाईंची बोटं आधी चाचपडली, मग सराईतपणे पळू लागली. निमंत्रकांची नावं, मांडवाचा पत्ता. एकही अक्षर हुकलं नाही. तृप्तीनं प्रिंटर जोडला. थोडं कुरकुरून त्यानं कागद बाहेर सोडला. देवकाबाईंनी तो उजेडात धरून शेवटपर्यंत वाचला.

"झालं का समाधान?" पुंडलिकरावांनी विचारलं.

त्यांच्याकडे न बघता देवकाबाई सुनेला म्हणाल्या, "पहिले साऱ्या पत्रिका दुसरीकडं उतरवून ठेव. मंग विंडोज काढ आन् हेच टाक."