चूळभर पाणी

माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते सगळ्या दहिवलीला माहीत होतं, आणि वारा त्या अंगाचा असला तर कर्जत स्टेशनालाही. आमचे हे, म्हणजे भिवाजी, इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे मदतनीस. दिवसभर शिट्ट्या ऐकून घरी आले की दाराबाहेर जरा थांबायचे. मला वाटायचं, दमले असतील. पुढे कळलं, आत काय चाललंय याचा अंदाज घ्यायचे.

श्रावण लागला की माझं डोकं फिरायला लागायचं. सणामागून सण. घर सारवा, भांडी घासा, दळणं दळा, आणि त्यातून ते दिवस लढाईचे. साखर रेशनवर, घासलेटला रांग. माझ्या छातीत धडधडायचं, आणि धडधडलं की मी ओरडायची. ओरडलं की बरं वाटायचं. मला, बाकीच्यांना नाही.

त्या साली मात्र ओरडून चालणार नव्हतं. माझ्या लेकीसाठी, जयवंतासाठी, लोधिवलीच्या सोनुबाईंच्या धाकट्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव पोपट, कर्जत स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. बापाचा डबा पोचवायला जाता-येता जयवंताने त्याला पाहिलं होतं आणि मनात धरलं होतं. ती काही बोलली नाही, पण त्याचं नाव निघालं की हातातलं काम खाली पडायचं. सोनुबाई गौरीच्या जेवणाला येणार होत्या. म्हणायचं मुलीला बघायला, पण खाण तशी माती, त्या बघणार होत्या मलाच. हे जमलं नाही तर माझ्या तोंडापायी, हे घरात सगळ्यांना कळत होतं. यांनी एकदाच सांगितलं, "इंदू, सण होईतो तोंडाला कुलूप घाल. पोरीचं भलं होईल."

मी गावातल्या वैद्यांकडे गेले. म्हटलं, "छातीत धडधडतं, काढा द्या."

त्यांनी नाडी बघितली आणि विचारलं, "भाकरी थापताना तुझं मन कुठं असतं?"

"उद्याच्या पुरणात."

"आणि पुरण वाटताना?"

"विसर्जनाच्या शिदोरीत."

"मग आजची भाकरी थापतं कोण? भाकरी थापताना भाकरीच बघ. धडधडलं की आपला श्वास बघ. आला, गेला. तेवढंच. काढा नाही."

काढा दिला नाही म्हणून मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण म्हटलं आधी श्वास बघू. बघितला, आणि न ओरडता घरी आले. सगळ्या उपचारात यश आलं ते तेवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी इतकी मन लावून बघितली की शेजारच्या चुलीवरची डाळ करपली. जात्यावर बसून "श्वास आला, श्वास गेला" म्हणत राहिले, तर पलीकडच्या पडवीतून जाऊबाई बायजा विचारायला लागली, "कोन आलं गं? नि चा न घेता गेलं कसं?" बायजाला कमी ऐकू येतं. तिला ऐकू गेलं, यावरून माझी शांती केवढ्याने चालली होती ते समजा. वर मी शांत झाले आहे हे मी आळीत घरोघरी जाऊन सांगितलं. एकीने विश्वास ठेवला नाही, तिच्याशी भांडले.

शेवटी हार खाल्ली आणि सरळ गप्प बसले. आत सगळं उकळत होतं, वर नुसतं झाकण. चार दिवस घरात भांड्यांखेरीज आवाज नाही. जयवंता माझ्याकडे चोरून बघायची. मला वाटलं, आईचा संयम बघून पोर थक्क झाली आहे.

गौर आणायचा दिवस आला. आमच्याकडे गौर तेरड्याची. घरच्या सवाशिणीने नदीवर जायचं, तेरड्याची जुडी ताटात घ्यायची, नदीच्या पाण्याची चूळ तोंडात धरायची आणि गौर घरात बसेपर्यंत बोलायचं नाही. इतर बायांना ही रीत, मला शिक्षा. मागच्या सालीच वाटेत आमच्या भातात गुरं शिरलेली दिसली आणि मला पुन्हा नदीवर जावं लागलं होतं.

बायजा थाळी वाजवत पुढे निघाली, मी चूळ धरून मागे. नदीच्या चढावर एक बैलगाडी चिखलात अडकली होती. तिच्यातून एक ठसठशीत बाई उतरली, लुगडं वर खोचलं आणि माझ्या बरोबरीने चालायला लागली.

"भिवाजी खलाशाचं घर कुठं गं?" तिने विचारलं, आणि माझ्या फुगलेल्या गालांकडे बघून स्वतःच हसली. "अगो बाय, तू गौर घेतल्येस. ऱ्हाऊ दे. मी लोधिवलीची सोनुबाई. उद्या बोलावलंय, पन मी मुद्दाम आज आले. घर बेसावध असताना बघावं."

माझ्या घशात पाणी जाता जाता राहिलं.

"त्या पोरीची आई लई भांडकुदळ हाय म्हनतात. वरडली की इंजिनाची शिटी आयकू येत नाय. खरं काय गं?"

मनात तयार झालं ते उत्तर मी इथे सांगत नाही. तोंडात पाणी, हातात गौर, पुढे बायजाची थाळी ठणाठणा. नाकाखेरीज वाट नव्हती. श्वास आला. श्वास गेला. तोंड बंद असल्यावर माणूस श्वास बघणार नाही तर करणार काय? वैद्यांनी ही चूळ आधीच सांगितली असती तर डाळ तरी वाचली असती.

सोनुबाई माझ्या आणखी जवळ सरकल्या. मग हळू बोलल्या, "तुला बोलता येत नाय तेच बरं, म्हनून सांगते. माझं तोंडबी तसंच हाय. थोरली सून गुनाची व्हती. मी बोलत गेले, ती आयकत गेली. एक दिस माहेरी गेली ती परत आलीच नाय. सण आला की जास्तच व्हतं बघ. घर भरलं की मला घाबरं व्हतं, नि घाबरं झालं की मी वरडते. मंग रातची रडते. कुनाला सांगू?"

मी चालत होते. गाल दुखत होते. कुणाचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं असं त्याआधी झालंच नव्हतं. मधेच मी सुरू व्हायची. आणि आज ऐकलं तर काय, ही बाई माझंच गाऱ्हाणं मला सांगत होती. मला तिचा राग येईना. तिची कीव आली, आणि थोडी माझीही.

"म्हनून ही पोर पायजे," सोनुबाई म्हणाल्या. "अशा आईच्या हाताखाली वाढली, ती माझ्या बोलन्यानं पळायची नाय."

तेवढ्यात आमचं दार आलं. जयवंता पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी होती. माझ्या पायांवर पाणी घालत म्हणाली, "आये, दमलीस का गं?"

सोनुबाईंचा चेहरा पडला. तोंडावर पदर धरून त्या अंगणातच उभ्या राहिल्या.

मी गौर घरभर फिरवली. कणगी दाखवली, चूल दाखवली, गोठा दाखवला, तिला पाटावर बसवलं, आणि तुळशीपाशी जाऊन चूळ टाकली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आमचे हे तर दाराबाहेर जाऊन थांबले.

"उभ्या काय ऱ्हायल्या?" चार दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. आंब्यावरचे कावळे उडाले. "चिखलाचे पाय धुवा नि आत या, भाकर थंड व्हते!"

"येते की!" सोनुबाई तेवढ्याच जोराने म्हणाल्या. "पन पानी द्याल तवा पाय धुवीन ना?"

बायजाला दोन्ही वाक्यं पहिल्या झटक्यात ऐकू आली.

सोनुबाई शेपूची भाजी-भाकर खायला बसल्या, तशी मी जयवंताला गोठ्यात ओढलं. जमेल तितक्या हळू सांगितलं, "हिच्या तोंडाला कंटाळून थोरली सून पळाली. माझ्यासारखीच हाय, जल्माची वरडनारी. पोपट चांगला असंल, पन तुला नको वाटत असंल तर आताच सांग. मी नाय म्हनते, माझं काय, माझं नाव तसंबी खराबच हाय."

जयवंता म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आये, चार दिस तू गप व्हतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या लग्नापायी तुला काय झालं. मी चुलीपाशी बसून रडले. तू वरडतेस तवा कळतं, आई घरात हाय." मग खाली बघून म्हणाली, "तिथंबी कोन वरडनारं असलं, तर मला तुझी आठवन कमी येईल."

तोंडात पाणी नव्हतं, तरी मला काही बोलता आलं नाही.