तांब्याचा डबा

रंगनाथ तांबटाचा हात डोक्याच्या आधी चालतो, हे अख्ख्या तांबट आळीला ठाऊक होतं. हंड्यावरचा ठोका चुकला तर तो हंड्याला शिवी द्यायचा आणि माणूस चुकला तर माणसाला ठोका. रंगपंचमीला रंगाच्या हौदात, रहाडीत, पहिली उडी कुणाची, एवढ्यावरून त्यानं केरू पहिलवानाचं नाक फोडलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शब्दाच्या वाटेला रंगनाथ कधी गेलाच नाही.

त्याचं जमायचं ते एकट्या निसारशी. निसार भद्रकालीत रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्त करायचा. केसासारखी तार तो उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून गुंडाळायला बसला की भोवती माणसं बघत उभी राहायची. त्याच दोन बोटांवर निसार, आई माजिदा आणि बहीण जहिदा अशी तीन पोटं चालत होती.

अडतीस साली देवळालीच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परतला आणि जाताना निसारला एक चिमुकलं पेट्रोलचं इंजिन देऊन गेला. झालं, दोघांना विमानाचं वेड लागलं. बांबूच्या कामट्या आणि रेशमी कापडाचं चार हात लांब विमान त्यांनी बांधलं. निसारनं त्यात रिसीव्हर बसवला. जमिनीवरच्या पेटीचं बटण दाबलं की रिसीव्हर तो हुकूम ऐकायचा आणि शेपटीचं सुकाणू वळायचं.

निसारचे नियम कडक होते. रिसीव्हर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगायचा, म्हणजे त्याला इंजिनाची थरथर लागत नाही. एरियलची तार कुठल्याही धातूला टेकू द्यायची नाही. आणि विमानाच्या नाकावरचा लाकडी पंखा सगळ्यात शेवटी. आधी विमान लांब नेऊन बटण दाबायचं, सुकाणू वळलं तरच पंखा चढवायचा. "इंजिनाला दोस्त-दुश्मन कळत नाही, रंगा," असं तो दरवेळी सांगायचा आणि रंगनाथ दरवेळी जांभई द्यायचा.

एका रविवारी विमान हातातून सोडताना रंगनाथनं जोर जास्त लावला. विमान नाकावर आपटलं आणि रिसीव्हरमधला काचेचा व्हॉल्व फुटला. निसार काहीच बोलला नाही. त्यानं मुंबईहून नवा व्हॉल्व मागवून बसवला आणि मोडलेला पंख जोडायला विमान रंगनाथकडे दिलं. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर रंगनाथला बरं वाटलं असतं. न बोलणंच त्याला डाचत राहिलं.

म्हणून त्यानं कुणाला न विचारता रिसीव्हरसाठी तांब्याचा डबा केला. रबराच्या पट्ट्या त्याला पोरखेळ वाटल्या, त्या त्यानं फेकून दिल्या. रिसीव्हरची लोखंडी चौकट डब्याच्या तळाला कथील वितळवून डाग देऊन पक्की केली, एरियलची तार झाकणातून बाहेर काढली आणि हलू नये म्हणून तिलाही झाकणालाच डाग दिला. मग चारी बाजूंनी डबा बंद करून वरून बारीक ठोके देत सुरेख मठारला. आयुष्यात इतक्या मायेनं त्यानं दुसरं भांडं घडवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नदीपल्याडच्या मैदानावर पन्नास-साठ माणसं जमली होती. निसार पेटी लावून येईपर्यंत रंगनाथनं पंखाही चढवून टाकला होता.

"हे काय केलंस? उघड तो डबा," निसार म्हणाला.

"उघडायला नाही केला. आता दगडावर आपटलं तरी काच फुटणार नाही."

"मग पंखा काढ. आधी तपासू."

रंगनाथ कदाचित ऐकणारही होता. पण मागून केरूचा आवाज आला, "तांबटानं अस्थींचा कलश बसवलाय. रामकुंडावर न्या, आजच विसर्जन उरकून टाका."

माणसं खो खो हसली. रंगनाथनं वळून केरूच्या तोंडावर ठोसा हाणला. केरू पडला तरी तो छातीवर बसून मारत राहिला. चौघांनी ओढून काढला तेव्हा केरूचा एक दात मातीत होता आणि रंगनाथच्या मुठी लाल झाल्या होत्या. तसाच तो विमानाकडे गेला, पंख्याला हिसका दिला आणि इंजिन सुरू झालं. गुडघ्यावर बसून त्यानं विमान दोन्ही हातांनी धरलं.

निसारनं बटण दाबलं. सुकाणू हललं नाही. पुन्हा दाबलं.

"रंगा, ते ऐकत नाहीये. सोडू नकोस, माणसं आहेत समोर."

"वर गेलं की ऐकेल."

निसार धावत आला. इंजिनाच्या मागची कळ बंद करायला त्यानं हात घातला. रंगनाथनं एका हातानं विमान धरलं आणि दुसऱ्या हातानं निसारला ढकललं. मारायचं म्हणून नव्हे, माशी हाकलावी तसं. निसारचा तोल गेला आणि उजवा हात पंख्यात गेला.

लाकूड तुटल्याचा आवाज झाला. निसार आपल्या हाताकडे बघत खाली बसला. दोन बोटं नुसत्या कातड्यावर लोंबत होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. रंगनाथनं धोंडा उचलला आणि विमान ठेचायला सुरुवात केली. पंख, शेपटी, इंजिन, जे दिसेल ते. तेवढ्या वेळात केरूनं, रक्ताळलेल्या तोंडानं, आपला फेटा सोडून निसारचा हात आवळून बांधला आणि त्याला टांग्यात घातलं.

डॉक्टरांनी दोन्ही बोटं काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी रंगनाथ दवाखान्यात गेला. त्याला बघताच माजिदा उठून बाहेर गेली. निसारनं विचारलं, "डाग कुठं कुठं दिलास?"

रंगनाथनं खरं ते सांगितलं. चौकट डब्याला, तार डब्याला.

"म्हणजे तार आणि चौकट एकच झाली. लाट डब्यातच जिरली, रिसीव्हरला ऐकू येणार तरी कसं?" निसार छताकडे बघत म्हणाला, "पंखा नसता ना रंगा, तर नुसतं सुकाणू हललं नसतं. मी तुला चार शिव्या दिल्या असत्या. आपण डबा फोडून चहाला गेलो असतो."

रंगनाथ खाटेपाशी बसला आणि गाल पुढं केला. "मार मला. हात राखू नकोस."

निसारनं खरोखरच मारलं, सगळा राग एकवटून, डाव्या हातानं. सवय नसलेला तो हात कानशिलावर नीट बसलाही नाही, नुसता घसरून खांद्यावर पडला. आजवर रंगनाथनं लाठ्या खाल्ल्या होत्या, एकदा हातोडाही खाल्ला होता. या फटक्यानं गाल लालसुद्धा झाला नाही. निसार धापा टाकत उशीवर कलंडला आणि रंगनाथ त्या न लागलेल्या गालावर हात धरून हमसाहमशी रडायला लागला.