सुईताईनं शेवट आधी वाचला

या मित्रांनो, जरा जवळ सरका. कान माझ्याकडे द्या आणि कहाणी ऐका. सुरुवातीला गोड लागेल, पण शेवटी जिभेवर कडू चव राहील.

मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या पोटात एकाच कचेरीतल्या दोघांची गोष्ट आहे. घरच्यांची कटकट टळावी म्हणून ते खोटंच लग्न ठरवतात आणि खोटं वागता वागता खरोखर एकमेकांचे होतात. वाचनालयात माझा केवढा मान होता! माझ्यासाठी नंबर लागायचे. हाताळून हाताळून माझी शिवण उसवली आणि मी मागच्या खोलीत, पुस्तकं बांधणाऱ्या सुईताईच्या टेबलावर आले.

तिनं माझे दोरे कापून फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं. बांधणारी माणसं पुस्तक क्रमानं वाचत नाहीत. खळ वाळेपर्यंत हाती येईल तो फर्मा वाचतात. तिच्या हाती शेवटचा आला. मधला एक फाटला होता, तो चिकटवून तिनं दाबयंत्रात ठेवला. बाकीची मी तिच्या पिशवीत राहिले.

तिच्या घरी तेव्हा मोठा घोर होता. बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती आणि बाबा हटून बसले होते. "बाळा, तुझं मार्गी लागल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवा होणार नाही. डॉक्टरला सांग, वाट बघ म्हणावं!"

तिनं हे वाचनालयाच्या काउंटरवरच्या कारकुनाला सांगितलं. तो हसतमुख, बोलण्यात लोणी.

"एवढंच ना? मला दाखव जावई म्हणून. माझी मावशी रोज एक मुलगी आणते, तिचंही तोंड बंद होईल."

तो घरी आला, बाबांच्या पायाशी बसला. दवाखान्यातल्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यानं ठसठशीत लिहिलं, 'होणारा जावई'. ते वाचून बाबा निर्धास्त आत गेले आणि देवाच्या कृपेनं सुखरूप बाहेर आले.

मित्रांनो, सुईताईचं नाटक मात्र केव्हाच संपलं होतं. तिचा जीव त्याच्यात गुंतला होता. तरी तिनं विचारलं नाही. शेवट तर तिनं वाचलाच होता! मग घाई कशाला? पण माझी नायिका मधल्या फर्म्यात नायकाला समोर बसवून विचारते, "तुझ्या मनात खरंच काय आहे?" ती सोळा पानं दाबाखाली होती.

एका दुपारी कारकून लग्नाची पत्रिका घेऊन आला. "मावशीनं आणलेली पसंत पडली बघ!"

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. "आणि बाबांना काय सांगू?"

"मी सकाळीच सांगून आलो. म्हटलं, तूच नाही म्हणालीस. उगाच माझं नाव कशाला खराब? आपलं तर नाटकच होतं ना!"

गरज सरो, वैद्य मरो. हसत हसत त्यानं केसानं गळा कापला.

घरी बाबा पाठ फिरवून बसले होते. "सोन्यासारख्या माणसाला नाही म्हणालीस?"

मग तिनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बाबांनी छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवला.

"म्हणजे ज्याच्या भरवशावर मी छाती उघडू दिली, ते खोटं होतं," ते म्हणाले. "तो परका होता गं. तू तर माझी होतीस."

दुसऱ्या दिवशी तिनं तो मधला फर्मा दाबातून काढला, पहिल्यांदाच वाचला आणि नायिकेच्या प्रश्नापाशी थांबली. मग डोळे पुसून मला घट्ट शिवलं.

आज मी पुन्हा कपाटात आहे. माझ्यात जे शाईनं सुखाचं झालं, ते तिच्या आयुष्यात झालं नाही, आणि माझ्या त्या गोड शेवटाची मलाच लाज वाटते. बाबा तिच्या हातचं जेवतात, औषध घेतात. पण तिला 'बाळा' म्हणत नाहीत.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, फाडू नका. आणि कुणाचा जीव वाचवायचा असला तरी त्याला खोट्याचा आधार देऊ नका. तो आधार सुटला की माणूस दुसऱ्यांदा आजारी पडतो. देवापुढे हात जोडाल तेव्हा सुईताईची आठवण ठेवा. म्हणा, तिच्या बाबांच्या तोंडून एकदा तरी ती हाक येऊ दे.